डिस्काउंटमध्ये आलेली घोडी

बाबा आज पहाटे गेले. आणि रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं.

गेले काही महिने ते एकेका श्वासासाठी भांडत होते. आज ते भांडण मिटलं.

अकोल्यातले जुने लोक त्यांना "मोटारवाले" म्हणायचे. स्वतःची मोटार त्यांनी कधीच घेतली नाही. ते विकायचे.

साठच्या दशकाची सुरुवात. मी लहान होते. बाबा अकोल्यातल्या एका शोरूममध्ये नवे सेल्समन.

आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. आमच्या वस्तीतला माणूस टाय लावून काचेच्या आत उभा राहतो, हे बऱ्याच जणांना बघवत नव्हतं.

तेव्हा मोटार "विकावी" लागतच नसे. लोक नंबर लावायचे, वर्षानुवर्षं थांबायचे, आणि नंबर पुढे सरकावा म्हणून वरून पैसे द्यायचे. डिस्काउंट मागणाऱ्याला वेड्यात काढायचे.

अपवाद एकाच गाडीचा.

लाल, उघडी, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार. अमरावतीच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याच्या मुलानं हौसेनं मागवली. गाडी बंदरातून इथवर येईपर्यंत त्याची हौस फिटली होती.

तेव्हापासून ती शोरूमच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभी. कोरी करकरीत, पण कुणालाच नको.

शोरूमच्या शेठनी ती बाबांच्या गळ्यात मारली.

"पाडव्याच्या आत इका. नाई तं दुसरी नोकरी पाहा."

"किंमत थोडी उतरवू का, शेठ?"

"एक रुपया नाई. आज इच्यावर सूट देली तं उद्या सारेच मांगतीन."

बाबा एका डॉक्टरकडे गेले. ते म्हणाले, "दोनच सीटा? अन् माही पाच लेकरं काय बोनटवर बसवू?"

वरूडच्या बागाईतदारानं गाडीत वाकून पाहिलं. "संत्र्याचे टोपले किती बसतीन इच्यात?"

पाडवा जवळ आला. आई रोज संध्याकाळी बाबांच्या चेहऱ्याकडे बघायची, आणि ताट वाढायची.

मग बाबा ओळखीच्या एका लग्नाला गेले. वरातीत फटाके फुटले, घोडी बुजली आणि नवरदेव थेट रस्त्यावर.

सगळे नवरदेवाला उचलायला धावले. बाबा घोडीच्या मालकाकडे बघत राहिले.

ते रहीमचाचा. बँड त्यांचा, बग्गी त्यांची, घोडीही त्यांचीच. दुसऱ्या दिवशी बाबा त्यांना शोरूमवर घेऊन आले.

"चाचा, फटाक्यानं घोडी बुजते. मोटार नाई बुजत. आन् उघडी हाय. नवरदेव साऱ्या गावाले दिसते."

चाचांनी गाडीभोवती चक्कर मारली. "गाडी तो शानदार है भाऊ. पन एवढे पैसे कोठून आनू? काई सोडसान का नाई?"

"किंमत नाई सुटत. पन तुमची घोडी आन् बग्गी आमी बदल्यात घेतो. भाव तुमीच सांगा."

चाचांनी भाव सांगितला. तेवढ्यात तीन घोड्या आल्या असत्या. बाबांनी मान डोलावली. बाकीची रक्कम हप्त्यानं.

शेठला न विचारता.

सकाळी शेठ आले तर शोरूमच्या खांबाला घोडी बांधलेली.

"हे काय होय?"

"डिस्काउंट, शेठ."

शेठनी बिल पाहिलं. किंमत पूर्ण. रुपयाही कमी नाही. मग घोडीकडे पाहिलं.

शेठ म्हणाले, "कोपरा खाली झाला न? आता इले पानी पाजा."

त्या दिवशी बाबा दुपारीच घरी आले आणि टाय न सोडताच झोपले. कितीतरी दिवसांनी त्यांचं घोरणं ऐकून आई हसली.

त्याच उन्हाळ्यात माझ्या काकाचं लग्न होतं. बार्शीटाकळीच्या पुढच्या एका गावात.

तिथे आमच्या समाजाचा नवरदेव घोड्यावर बसून मोठ्या रस्त्यानं जाऊ शकत नसे. आदल्या वर्षी वरच्या जातवाल्यांनी एकाला खाली ओढलं होतं.

आजी म्हणाली, "पायीच जाऊ. मले माहा लेक पायजे, वरात नाई."

बाबा चाचांकडे गेले. चाचा म्हणाले, "घोड्यावर बसू देत नाईत न? तं मोटारीत बसवू. मी सोता चालवतो."

काका सीटच्या पाठीवर उंच बसला. पांढरा सदरा, गळ्यात हार. चाचा स्टिअरिंगवर. पुढे बाबा, पायी, टाय लावून. आजीनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी दहा-बारा माणसं उभी होती.

एक जण पुढे आला. चाचांनी ब्रेक दाबला. बँड थांबला.

त्या माणसानं काकाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग बोनटवर हात ठेवला.

"केवढ्याची हाय हो?"

बाबांनी किंमत सांगितली. पूर्ण.

"बापा! आन् सूट-बीट?"

"नाई. सूट नाई."

तो माणूस बाजूला झाला. मागचे लोकही सरकले. गावातली पोरं गाडीमागं धावायला लागली. बँड पुन्हा सुरू झाला. कुणी दगड उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही.

रस्ता ओलांडल्यावर आजीनं माझा हात सोडला आणि तिथेच धुळीत बसली.

"काई झालं नाई रे," ती म्हणत राहिली. "काईच झालं नाई." आणि हुंदके देऊन रडली.

बाबा तिच्याजवळ बसले. कुणीतरी पाण्याचा लोटा दिला, तो त्यांनी एका दमात संपवला.

बाबा, आता कुठेच पोचायची घाई नाही. सावकाश जा.

जय भीम.