अंकलचा पांढरा

"अजून चढव. अजून थोडा." माझ्या खुर्चीमागे उभं राहून अंकल अंगठा वर वर करायचे आणि मी मुकाट्याने कॉम्प्युटरवर फोटोचे रंग चढवत जायचे. तुमच्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीआधी तिचा शालूच डोळ्यांत घुसत असेल, तर तो अशाच कुणा अंकलच्या हाताखालून गेलाय असं समजा.

बोरिवलीच्या आमच्या स्टुडिओत फोटो ते काढायचे, अल्बम मी बनवायचे. ते गोराईच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. लग्नात बँड लावून विहिरीचं पाणी आणायला निघालेल्या, लाल लुगड्यांतल्या बायका बघतच ते वाढले. आणि अलीकडे येणाऱ्या प्रत्येक जोडीला फिकट रंग हवे असायचे.

"लग्न आहे की मयत? ह्या पोरांना सगळं धुतलेलं का पाहिजे गं?"

"फॅशन आहे, अंकल."

"मरू दे फॅशन. चढव."

मग गिऱ्हाईक कुरकुरत परत यायचं आणि चढवलेला रंग मीच उतरवायचे. रोजचंच झालं होतं. कंटाळा यायचा हो.

मुलीच्या लग्नाचे फोटो त्यांनी दुसऱ्या कुणाला काढू दिले नाहीत. अल्बमला बसलो तेव्हा चर्चमधल्या फोटोवर गाडी अडली.

"गाऊन पिवळट दिसतोय. निळा टाक."

"पांढराच आहे, अंकल."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून फोटो काढतोय मी."

मी निळा टाकला. आणखी टाकला. ते खूश झाले. अल्बम छापून मुलीच्या घरी गेला.

पुढे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला; त्यातून सगळं पिवळट, फिकट दिसतं म्हणे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून आले आणि म्हणाले, "मुलीचा अल्बम उघड." स्क्रीनवर तो गाऊन, नीळ जास्त पडलेल्या शर्टासारखा. अंकलनी चष्मा काढून एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. मला त्यांच्याकडे बघवेना.

तिथूनच त्यांनी मुलीला स्पीकरवर फोन लावला. "गाऊन निळा झालाय. तुला दिसला नाही काय?"

"दिसला ना, डॅडी. पण तुम्ही किती खुशीत होता."

फोन ठेवून ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "उतरव," म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मी निळा उतरवला. पोरगी खरंच देखणी दिसायला लागली.

"नवीन छापू या?"

अंकलनी ऑपरेशनचा डोळा झाकून पुन्हा बघितलं. "नको. मी तिला नवरी झालेली ह्या जुन्या डोळ्याने बघितली."

त्यानंतर रंगाचं काहीही विचारलं की "तू बघ" म्हणायचे. वाद संपले. मला ते मुळीच आवडलं नाही. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचं "बघू, ईस्टर होऊ दे" चालू राहिलं.

ते झालंच नाही. गेल्या पावसाळ्यात अंकल गेले. मुलगी सांगत होती, तिच्या घरी अल्बम घेऊन बसले की चांगला डोळा हाताने झाकून घ्यायचे.