सिरसाला सुबाभूळ म्हणणाऱ्यांना

मी तिसरीपर्यंत शिकलो. मग वडिलांनी हातात रंधा दिला, तो पन्नास वर्षं सुटला नाही. इथे हिंदी मुलखात, माधव नगरात, आमच्या दारासमोरचा सिरस त्याच्याही आधीपासून उभा आहे. त्याला कोणी सुबाभूळ म्हणावं?

माघात महापालिकेच्या एक मॅडम झाडं मोजायला आल्या. रस्ता रुंद व्हायचा होता. त्यांनी मोबाइल वर धरून फोटो काढला आणि खोडावर लाल फुली मारली.

"बाबूजी, सुबबूल है. इसकी परमिशन नहीं लगती. सोमवार को कट जाएगा."

"अहो, झाडावर पान एक नाही. ओळखलं कशावरून?"

"ऐप बता रहा है."

ऐप! त्या ऐपनं सिरस कधी कापलाय? याच्या भुशानं दिवसभर शिंका येतात. मी गाड्यांची चाकं केलीत याची.

झाडाखालच्या शेंगा पिशवीत भरल्या. नाल्याकाठच्या सुबाभळीच्याही तोडल्या. तडक त्यांचं ऑफिस गाठलं आणि साहेबांच्या टेबलावर दोन्ही ओतल्या. सुबाभळीची शेंग काळपट, अरुंद, घोसात लटकणारी. सिरसाची वीतभर लांब, दोन बोटं रुंद, वाळल्या गवताच्या रंगाची, आणि हलवली की आत बिया वाजतात. वाजवून दाखवली.

"काका, नातवाचा खुळखुळा आणलात का?" साहेब मराठीच निघाले. सगळं ऑफिस हसलं.

"हसा. सोमवारी झाड पडलं की मग काय कराल?"

"सगळी झाडं ओळखता वाटतं?"

"सगळी नाही. ज्यांच्यावर करवत चालवली तेवढी."

साहेबांनी एक शेंग उचलून स्वतः हलवली. म्हणाले, "बरं, फुलं येईपर्यंत थांबू." जशी काही मेहेरबानीच!

चैत्रात पालवी फुटली. एकेक पान अंगठ्याच्या नखापेक्षा मोठं. सुबाभळीचं कसं, बारीक भुरभुरीत असतं. मागोमाग फुलं आली, हिरवट-पिवळी, दाढीच्या ब्रशासारखी, वास पार स्वयंपाकघरापर्यंत. सुबाभळीचा तो पांढरा गोंडा कुठे आणि हे कुठे! मॅडम परत आल्या. फूल नाकाशी धरलं, यादीत खोडून 'सिरस' लिहिलं, फुलीवर चुना फासला. "सॉरी बाबूजी, नहीं कटेगा."

मी काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी नंबराची पत्र्याची पट्टी काढली आणि हा एवढा खिळा खोडात ठोकला!

त्यांची गाडी वळायच्या आत मी पकड आणून तो उपटला. पट्टी सुतळीनं बांधली आहे. नंबर लांबूनही वाचता येतो.