होडीचं ग्रीस

वसईजवळ वालीवला, क्लिफर्ड डाबरेच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये नरहरी राऊताला शोधायचं असेल, तर नाव विचारावं लागत नाही. ज्याचे हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले, तो नरहरी. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या होड्यांचे गिअर दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली. खारं पाणी हा त्याचा जन्माचा वैरी. फट दिसली की शिरणार आणि लोखंड खाणार. म्हणून कुठलाही गिअर बंद करताना तो प्रत्येक खाचेत, प्रत्येक स्प्रिंगच्या खोबणीत ते जाड पिवळं ग्रीस बोटानं कोंबकोंबून भरी. घरी उमेळ्याला त्याची बायको मालन म्हणायची, "मी पोळीत पुरणसुद्धा इतकं ठासत नाही."

त्यांची एकुलती एक मुलगी सलोनी. शाळेला सुटी लागली की बापाच्या मागे शेडमध्ये येऊन बसायची. पान्ह्यांचे नंबर तिला पाढ्यांच्या आधी पाठ झाले. पुढे ती गिर्यारोहण शिकली आणि हिमाचलात बर्फातल्या सहली काढणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागली. जाताना तिनं बापाला विचारलं होतं. नरहरी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. पडवीत बसून नारळ सोलत राहिला. त्याचा नकार असा मुकाच असतो. दिसतो, पण ऐकू येत नाही. ती गेली. तिचे फोन आईला येत, आणि नरहरी शेजारी बसून निम्मं संभाषण ऐके.

गेल्या उन्हाळ्यात मात्र तिनं त्याला कामाला लावलं. कंपनीच्या विरारच्या मालकाला तिनंच सांगितलं, की बर्फावरची गाडी सर्व्हिसिंगला आमच्या बाबांकडे द्या. सफरचंदांच्या खोक्यांमागून ट्रकमधून ती गाडी शेडमध्ये उतरली. लालभडक, पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा.

क्लिफर्ड तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "नरहरीभाऊ, ही चालवून बघायची कुठे? मिठागरात?"

काम तसं नेहमीचंच होतं. इंजिनाची ताकद पट्ट्यापर्यंत नेणारी एक जाड चेन एका बंद डब्यात, तेलात फिरते. तो डबा उघडायचा, तेल बदलायचं, चेनचा ताण बघायचा. पण रिव्हर्सचा सगळा संसार त्याच डब्यात थाटलेला असल्यामुळे तोही उतरवावा लागला. एक बेचक्यासारखा फोर्क असतो. दांडी ओढली की तो एका दातेरी कड्याला अलगद बाजूला सरकवतो आणि गाडी मागे जायला लागते. कडं जागेवर राहावं म्हणून डब्याबाहेरच्या एका कवचात एक पोलादी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग. कड्याशेजारी एक पातळ वॉशर, त्याची एक कड उतरती. ती कड बाहेरच्या बाजूला यायला हवी; उलटी बसली तर फोर्क पुढेमागे तिरपा होणार, आणि तिरप्या फोर्कवर जोर केला तर तो मोडणार.

नरहरीनं सगळं धुऊन पुसून पुन्हा बसवलं. मध्येच एक होडीवाला आला; त्याचं काम उरकून आल्यावर वॉशरपासून पुन्हा काढून बसवलं. शेवटी सवयीनं गोळी-स्प्रिंगच्या कवचात ग्रीस ठासलं. दांडी ओढली. खट्! ढकलली. खट्! क्लिफर्डनं टाळी वाजवली. गाडी पहाडात परत गेली.

जानेवारीतल्या एका दुपारी नरहरीचा मोबाइल वाजला. सलोनीचा फोन, आणि थेट त्याला. त्यानं हातातला पाना टाकून फोन घेतला.

"बाबा, रिव्हर्स पडत नाहीये."

तिनं भराभर सांगितलं. ठाण्याच्या एक वयस्कर बाई मागे बसल्यात. डोंगराच्या कुशीतल्या वाटेनं त्यांना देखावा दाखवायला नेत होती, तर पुढे बर्फाचा कडा घसरून वाट बंद झालेली. एका बाजूला भिंत, एका बाजूला दरी. गाडी वळवायला जागा नाही. थोडं मागे एक रुंद वळण आहे, तिथपर्यंत रिव्हर्सनं जाता आलं तर सुटका. बाईंचे दोन्ही गुडघे बदललेले, मांडीभर बर्फातून त्या चालू शकत नाहीत. दुसरी गाडी खालच्या गावात गेलीय, ती येईतो अंधार पडेल. "आणि बाबा, वरून अजून बर्फ सुटतोय. बारीक बारीक. दांडी जोरात ओढू का?"

"नको!" नरहरी इतक्या जोरात ओरडला, की शेडमधला ग्राइंडर थांबला. "हात लावू नको. थांब जरा."

आणि तो थांबला. बाहेर वालीवचं ऊन पत्र्यावर तापत होतं, टेम्पो मागे येताना भोंगा वाजवत होता, आणि नरहरीला त्या रुंद शेडमध्ये अंग वळवायलाही जागा उरली नव्हती. वॉशर. तो दुसऱ्यांदा बसवला तेव्हा कड कुठल्या बाजूला होती? उलटी बसली असेल आणि ती जोरानं ओढेल तर फोर्क मोडणार. मग आजच काय, ती गाडी तिथून कधीच मागे येणार नाही. बरोबर बसली असेल आणि आपण तिला नुसतंच थांबवून ठेवलं, तर वरचा बर्फ कुणासाठी थांबणार?

फोन बाकड्यावर ठेवून त्यानं डोळे मिटले आणि हात हवेत धरले. दांडा धरला. बेअरिंग सरकवलं. कडं. त्याची बोटं कुणाला न दिसणारा वॉशर उचलत होती, उलटसुलट करत होती. प्रत्येक वेळी बोटं एकाच ठिकाणी येऊन अडत. तो होडीवाला मध्ये आला, तिथे.

"काय रे, मंतर टाकतोस का काय?" अर्नाळ्याचा व्हिन्सेंट तांडेल आपल्या होडीच्या गिअरसाठी आला होता. क्लिफर्डसाठी आणलेला मासळीचा थर्माकोलचा खोका अजून त्याच्या काखेतच होता.

क्लिफर्डनं त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. व्हिन्सेंटनं खोका हळूच खाली ठेवला.

नरहरीनं फोन उचलला. "सलोनी, दांडी हळूच ओढ. जोर नाही. टक् करून थांबते, की दबत दबत थांबते?"

"कळत नाही बाबा. हातमोजे आहेत."

"मग काढ."

पलीकडे वाऱ्याचा आवाज. तिचा श्वास. "आई गं... दबत दबत. चिखलात काठी खुपसल्यासारखं वाटतंय. बाबा, काल संध्याकाळपर्यंत पडत होता हो. रात्री गारठा भलताच वाढला."

दबत दबत. लोखंडावर लोखंड आपटलं असतं, तर टक् झालं असतं. नरहरीची नजर बाकड्याखालच्या पिवळ्या ग्रीसच्या डब्यावर गेली.

"व्हिन्सेंट, बर्फ दे."

"मासळी आहे रे त्यात!"

"मासळी असू दे. क्लिफर्ड, मिठाचा डबा आण. सगळा."

बर्फात मीठ कालवलं की गारठा कडक होतो, हे वसईत हातानं आइस्क्रीम फिरवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नरहरीनं भंगारातून गोळी-स्प्रिंगचं एक जुनं कवच शोधलं, त्यात तेच ग्रीस तसंच ठासलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि बर्फातल्या बांगड्यांच्या मध्ये खोल पुरलं. वर मीठ ओतलं.

"असा मसाला मी जन्मात पायला नाय," व्हिन्सेंट पुटपुटला.

"बाबा, बॅटरी उतरतेय. थंडीत पटापट उतरते."

"ठेव मग फोन. मी करतो."

फोन बंद झाला, आणि नरहरीचं सगळं जग त्या थर्माकोलच्या खोक्यात येऊन बसलं. तो त्यावर वाकून राहिला. मालनला फोन करावा, असं नरहरीच्या मनात आलं. पण सांगायचं काय? पोरगी कड्यावर अडकलीय आणि मी मासळीपुढे बसलोय?

अखेर त्यानं कवच बाहेर काढलं. गोळीवर अंगठा दाबला. ढिम्म. सगळा भार टाकला. गोळी मेणात रुतावी तशी जराशी दबली आणि तिथेच राहिली. त्यानं कवच मुठीत घट्ट धरलं, काखेत दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं. खट्!

त्यानं फोन लावला. बोटांना ग्रीस आणि मीठ लागलेलं, क्लिफर्डनं नंबर दाबून दिला.

"सलोनी, फोर्कला काही झालेलं नाही. ग्रीस गोठलंय. उजव्या बाजूचं झाकण उघड. दांडीची सळई डब्यात शिरते तिथे अंड्याएवढं कवच आहे. ते गरम कर. गरम काय आहे तुझ्याकडे?"

"फ्लास्कमध्ये चहा आहे. पण ओतला तर गोठेल ना वरच?"

"ओतू नको. कशात तरी भरून—"

तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला. "अगं, माझी गुडघ्याची पिशवी घे! रबराची आहे. पाणी कोमट झालंय, फेकून दे आणि चहा भर."

"साखरेचा आहे काकू."

"मग काय गुडघ्याला मधुमेह होतोय?"

अर्नाळ्याच्या खाडीतून वादळात होडी काढणारा व्हिन्सेंट खुर्चीवर बसला होता, तो उठून उभा राहिला. शेडमधले सगळेच उभे होते. फोन कानाला न लावता नरहरीनं तो स्पीकर लावून बाकड्यावर सपाट ठेवला होता, आणि सगळे त्याच्याकडे वाकून बघत होते, जणू त्यातून काही दिसणार होतं.

"आता?" सलोनीनं विचारलं.

"अजून नाही. पिशवी दाबून धर."

"आता?"

"अजून थोडं. पोळू दे कवच."

काहीतरी घसरल्याचा आवाज आला. बाई "देवा" म्हणाल्या.

"आता ओढ. हळू. एका दमात, पण हळू."

खट्.

आवाज इतका बारीक होता, की क्लिफर्डला तो ऐकू आला नाही. नरहरीला आला. मग इंजिन सुरू झालं, आणि त्या घरघरीतच फोन बंद पडला.

नरहरी बाकड्याला टेकून उभा राहिला. व्हिन्सेंटनं मीठ लागलेले बांगडे एकेक करून धुवायला घेतले. टेम्पो आले, गेले. पत्र्यावरचं ऊन उतरलं.

फोन वाजला तो अनोळखी नंबरवरून. "नमस्कार, मी सलोनीच्या मागे बसले होते ती. आम्ही खाली पोचलो. तिचा मोबाइल बंद आहे, ती चहा घेतेय, हात शेकतेय. काय हो तुमची मुलगी! एवढ्याशा वाटेवरून उलटं येताना एकदासुद्धा दरीकडे बघितलं नाही तिनं. कुणाकडे शिकली?"

नरहरीनं बाकड्याखालचा पिवळा डबा पायानं मागे सरकवला. मग तो म्हणाला, "बाई, तिचं काही चुकलं नव्हतं बरं का. ग्रीस माझं होतं."