मोहाच्या मधल्या पाच काड्या

जमिनीच्या वाटणीत बांधावरच्या मोहाच्या झाडांच्या ओळीत हद्दीचा एकच दगड पुरून आम्हा दोघा भावांना सारखी फुलं मिळायला हवी होती. म्हणून साठ सालाच्या सुमारास आम्ही कोलामांच्या पोडावरून, म्हणजे त्यांच्या वस्तीवरून, एका म्हाताऱ्याला बोलावलं. नाव विचारलंच नाही.

जे झाड जेवढ्या टोपल्या फुलं देई, तेवढ्या काड्या तो त्याच्या बुंध्याशी ठेवत गेला. चार, तीन, पाच, दोन, पाच. मग दोन्ही टोकांकडून मोजत तो मधल्या झाडाशी थांबला. इकडे सात, तिकडे सात.

“मधलं दोघं मिळून येचा ना, बाप्पा.”

आम्ही दोघांनीही नकारार्थी माना हलवल्या.

“मंग हे नसतं तं बराबर होतं,” तो वैतागून म्हणाला.

दादाने कुऱ्हाड आणली. मी अडवलं नाही. म्हाताऱ्याने त्या झाडाच्या पाच काड्या उचलून कपाळाला लावल्या आणि मागे न बघता निघून गेला.

दगड पुरावा लागला नाही. खुंट होताच.