शेजारणीचा ओक

निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण ओकच्या झाडाचं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. डॅलसजवळच्या एका उपनगरात मी डिटेक्टिव्ह होतो. एका झाडासाठी एवढी धावपळ कशाला, असं आमच्या ठाण्यावरही लोक म्हणत होते.

खबर दिली ती झाडांची तपासणी करणाऱ्या एका तज्ज्ञाने. ऐंशीच्या घरातल्या एका बाईंच्या परसातला ओक भर उन्हाळ्यात वाळायला लागला, म्हणून त्यांनी त्याला बोलावलं होतं.

"हा रोग नाही," तो फोनवर म्हणाला. "बुंध्याला भोकं पाडून कुणीतरी तणनाशक ओतलंय."

मी जाऊन जागेची पाहणी केली. भोकं कुंपणाच्या बाजूला, जमिनीलगत होती आणि करड्या सीलंटने बुजवलेली होती. बाईंचा कुणावरच संशय नव्हता. शेजाऱ्याने छतावर सोलर पॅनेल बसवली होती आणि हा ओक तोडायची विनंतीही केली होती. बाई नाही म्हणाल्या, पण त्यांनी फांद्या छाटू दिल्या. वसाहतीच्या बैठकीत पॅनेलना विरोध झाला, तेव्हा याच बाई त्याच्या बाजूने बोलल्या होत्या.

मी शेजाऱ्याचं छत पाहिलं. पॅनेलच्या पायांभोवती तसंच करडं सीलंट होतं. बसवणाऱ्या कंत्राटदाराला गाठलं. तो म्हणाला, "काम झाल्यावर घरमालकाने एक ट्यूब मागून घेतली. गटर गळतंय म्हणाला." नमुने प्रयोगशाळेत पाठवले. दोन्हीकडचं सीलंट एकच निघालं.

शेजारी मराठी होता. चाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला. त्याचे हक्क त्याला वाचून दाखवले, रेकॉर्डिंग सुरू केलं. वकील नको म्हणाला. माझं मराठी आडनाव ऐकून त्याला जरा धीर आला असावा.

"काका, त्या झाडाला आधीच कीड होती."

"तुमचं गटर कुठे गळतं?" मी विचारलं.

सीलंटच्या ट्यूबचं मला कळलंय, हे त्याच्या लक्षात आलं. चौकशीत अनेकदा तेवढंच पुरतं.

"सिटीने परमिटचं ड्रॉइंग दोनदा रिजेक्ट केलं," तो बोलू लागला. "दोन्ही वेळा फिक्स केलं. इन्स्पेक्शन पास झालं. मग वीज कंपनीचा, युटिलिटीचा माणूस म्हणतो, शेडिंग जास्त आहे, पॅनेलच्या खर्चावरचा रिबेट मिळणार नाही. वर्षअखेर प्रोग्रॅम क्लोज होणार. मी काय करायचं होतं?"

"झाड तुमचं होतं?"

"नव्हतं. पण माझ्या छतावरचं ऊन तर माझं होतं ना?"

मग त्याने सगळं सांगितलं. ड्रिल कुठून आणलं तेही.

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. दंड झाला, भरपाई द्यावी लागली. वाळलेला ओक कुणाच्या अंगावर पडू नये म्हणून कापावा लागला. त्यानंतर, वर्ष संपायच्या आत, त्याने रिबेटसाठी पुन्हा अर्ज केला. युटिलिटीचा माणूस छतावर चढला, सावली मोजली. अडथळा नव्हता. अर्ज मंजूर झाला.

मला कळलं तेव्हा मी युटिलिटीच्या ऑफिसला फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. "सर, छतावर सावली आहे की नाही, एवढंच आम्ही बघतो. ती का गेली, हे आमच्याकडे येत नाही."

बाईंना हे मीच जाऊन सांगितलं. परक्याकडून कळायला नको होतं.

"म्हणजे त्याला मिळालं," त्या म्हणाल्या.

"हो."

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी मला कॉफी विचारली. मी नको म्हणालो. मला तिथे बसवत नव्हतं.

तो माणूस सराईत गुन्हेगार नव्हता. सिग्नलला थांबणारा, शनिवारी मराठी शाळेत मुलांना शिकवणारा. सिटीची, वसाहतीची, कंपनीची परवानगी त्याने रीतसर मागितली. नकार एकाच ठिकाणी ऐकून घ्यायचा होता, शेजारच्या दारात. तो मात्र त्याने ऐकला नाही.

गुन्हेगार सापडला, कबुली मिळाली, शिक्षा झाली की आपलं काम फत्ते, असं मी नव्या भरतीच्या पोलिसांना सांगत असे. युटिलिटीला केलेल्या त्या फोननंतर मी ते सांगणं सोडलं.