ओढ्याकडच्या एकरातलं पाचट

पाचट जाळायचं नाही, असं मी घरात पहिल्यांदा बोलले तेव्हा चुलते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "मग काय त्याची भाजी करतीस?" सगळे खो खो हसले. आबा, म्हणजे माझे वडील, मात्र हसले नाहीत.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. कोडोलीजवळच्या आमच्या गावातून रोज एसटीनं कोल्हापूरला जाऊन मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. ऊस तुटून गेला की मागं रानभर वाळक्या पाल्याचा थर राहतो, ते पाचट. आमच्याकडं ते पेटवायचीच रीत. तोडकरी बांधाबाहेर पडले की मागं काडी पडलीच. प्रयोगशाळेत मी उकिरड्यातून काढलेले जिवाणू वाढवत होते. ते असा काही पाचकरस सोडतात, की पाचटाच्या तुकड्याचा फ्लास्कमध्ये आठ-दहा दिवसांत लगदा होतो. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळं जीभ भलतीच सुटली होती. महिन्या-दीड महिन्यात पाचट काळं पडून मातीत जाईल, असं आबांना छातीठोक सांगून टाकलं. रान म्हणजे फ्लास्क नव्हे, एवढी अक्कल तेव्हा कुठली!

आबांनी ओढ्याकडचं एक एकर मला दिलं आणि वर पारावर चारचौघांत सांगून आले, "माझी पोरगी करून दाखवंल." त्या एकरात खोडवा यायचा होता, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं दुसरं पीक. ते गेलं असतं तरी आम्ही काही उपाशी राहणार नव्हतो. पण आबांचा शब्द त्यात अडकला होता, आणि माझ्या शिक्षणाला भाऊबंदांनी घातलेला मोडता त्यांनी एकट्यानं काढलेला होता.

तोडणी झाली नेमकी माझ्या परीक्षेच्या आठवड्यात. मी जिवाणूंचा कॅन आबांच्या हातात दिला आणि कागदावर लिहून दिलं: दोन घागरी पाण्यात गूळ विरघळवा, त्यात हे सगळं ओता, एक दिवस ठेवा, मग पाणी वाढवून पाचटावर शिंपडा. शिंपडण्याआधी त्यातलं थोडं मला तपासायला बाटलीत काढून द्या. आबांनी बाटली दिली. मी ती प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये ठेवली आणि अभ्यासाच्या नादात साफ विसरले.

एक महिना गेला, दुसरा गेला. पाचट आपलं होतं तसंच पिवळं. त्यातूनच फुटवे वाकडेतिकडे वर येत होते. बांधावरनं जाणारा-येणारा विचारायचा, "काय हो, रानाला गादी घातलीया व्हय?" आबा आधी हसायचे, मग नुसते बघायचे, मग त्यांनी पारावर जायचंच सोडलं. मला मात्र त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मी त्या गप्प बसण्यालाच घाबरले. अखेर मार्चमध्ये ती बाटली आठवली. त्यातला थेंब प्लेटवर पसरला. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी, तिसऱ्या दिवशीही कोरी. बाटलीत एकही जिवाणू जिवंत नव्हता.

हे सांगायला घरी धावले, तर ओढ्याकडं धूर. आबांनी स्वतःच काडी लावली होती. गुडघ्याएवढे फुटवे पाचटाबरोबर करपून गेले. आबा बांधावर बसून ते बघत होते.

घरी आल्यावर मी बाहेरच्या सोप्यातच त्यांना धरलं. कॅन उन्हात ठेवला होता का? पाणी कुठलं? गूळ कुठला?

"गूळ कशाला?" आबा म्हणाले. "गुऱ्हाळ चालू हुतं की. काहिलीतला उकळता रस घेतला दोन घागरी. तुझ्या औषधाला शिळा गूळ घालू व्हय?"

"आणि कॅन कधी ओतला?"

"तवाच की. वाफा निघत हुत्या. गार झाल्यावर नीट मिसळंल व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "मारलंत तुम्ही सगळे! जिवंत जीव उकळत्यात टाकतं का कुणी? एवढंही कळत नाही?" बापाला असं मी कधी बोलले नव्हते. आबांनी मान खाली घातली. आज लिहितानाही मला लाज वाटते, कारण कागदावर गार पाणी असं मी लिहिलंच नव्हतं आणि ते मला ओरडतानाही माहीत होतं.

आई चुलीपुढं भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "मी म्हणलेलं त्यांस्नी, जरा निवू द्या."

"तुला कसं कळलं?"

"टोपण काढल्यावर आंबूस वास आला. मला वाटलं, इरजणागत कायतरी हाय. कडक दुधात इरजण कोण घालतं? पण ह्ये म्हणले, तुला काय कळतंय, शास्त्र हाय ते. मग गप बसले. म्हणलं, तुमच्या कॉलेजात गरमच घालत असतील."

"विरजणासारखंच असतं ते, आई."

तिनं हातातली भाकरी परातीतच ठेवली. "मग तेवढं सांगायचंस की मला. दोन वरसं झाली, रोज डबा बांधतीया. तू तिथं जाऊन काय करतीस, कधी बोललीस का माझ्याजवळ?"

नव्हते बोलले. तिला कळणार नाही, असं मी धरूनच चालले होते.