जांभळी साडी

ती जांभळी साडी दिसली की अजून माझं डोकं फिरतं. मला बघायला पाहुणे यायचे तेव्हाच ती पेटीतून निघायची. आणि आईनं नोकरीच्या मुलाखतीलाही मला तीच नेसवली. "चार माणसं बघणार तुला. साडी गुणाची हाय. मग दुसरी कंची नेसणार?" असं तिचं म्हणणं.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. मी बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या परीक्षा पास. काटेवाडीहून एसटीला लोंबकळत बारामतीला जाऊन शिकले, ते काय नुसत्या भाकरी थापायला? तिथल्या एमआयडीसीत एका दुधाच्या कंपनीला ऑफिसात बाई हवी होती. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, अटच घातली. "ही नोकरी लागली तर लग्नाचं फुडं बघू. न्हाय लागली तर इंदापूरच्या स्थळाला बोलावतो. मग न्हाय म्हणायचं न्हाय." मी व्हय म्हणाले. नोकरी आपलीच, अशी खात्री होती मला. येडीच होते.

निघताना आईनं शिकवणी घेतली. "मान खाली ठिव. इचारलं तेवढंच बोल. जास्ती बोललीस तर म्हणत्यात पोरगी आगाव हाय." मलाही ते पटलं. अनोळखी माणसांपुढं बसून उत्तरं द्यायची, तर मला बाई तेवढी एकच रीत ठाऊक होती.

टेबलापलीकडं तीन साहेब. मी दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन खुर्चीच्या कडेला टेकले. नाव, शिक्षण, सगळं पायाच्या अंगठ्याकडं बघत सांगितलं.

"मॅडम, जरा वर बघून बोला," एक साहेब म्हणाले. मी वर बघितलं आणि लगेच खाली.

"दुधाला फॅट कमी लावली, पैसे कमी मिळाले म्हणून एखादा गवळी अंगावर धावून आला, तर काय कराल?"

उत्तर होतं की माझ्याकडं! आमच्या आळीत माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण आगाव ठरायची भीती, म्हणून मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

माझ्यासोबत येऊन दाराशी बसलेल्या तात्यांना राहवेना. ते आत आले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, पोरगी लई गरीब हाय आमची. कुणाला वर मान करून बोलायची न्हाय." पाहुण्यांपुढं ते नेहमी हेच बोलायचे. धडधडीत खोटं, पण माझ्या भल्यासाठी. साहेबांनी एकमेकांकडं बघितलं आणि म्हणाले, "कळवतो."

एसटीत तात्या खुशीत होते. "कळवतो म्हणालं की! म्हंजी पसंत हाय." नापसंत करणारे पाहुणेही कळवतो म्हणूनच उठायचे, हे ते सोयीनं विसरले होते.

कुणी काही कळवलं नाही. उन्हाळ्यात इंदापूरचे पाहुणे आले. साडी तीच. पण या खेपेला मी ठरवलं होतं, सगळं उधळून लावायचं. त्यांनीच नको म्हटलं, तर माझा शब्द मोडत नव्हता. पोह्यांचा ट्रे आदळला, ताठ बसले आणि मुलाच्या बापाच्या डोळ्याला डोळा भिडवला.

"आमच्यात दारात गडीमाणसं भांडाय येत्यात," म्हातारा म्हणाला. "काय करशील?"

"आदी पाणी दीन. मग त्याचं समदं ऐकून घीन. तरी वरडाय लागला, तर त्याच्यापेक्षा मोठ्यानं वरडीन."

दाराआडून आईचं "आगं बया!" ऐकू आलं. तात्यांनी कपाळाला हात लावला. म्हातारा मात्र मांडीवर थाप मारून हसला. "पाव्हणं, अशीच पायजे हुती आमाला. कळवायचं काय त्यात? आत्ताच सांगतो. पसंत हाय!"

मी आत जाऊन चुलीपाशी बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. आई साखर घेऊन आली, माझ्या तोंडातला पदर सोडवून तिनं चिमूटभर साखर घातली. "म्हणलं हुतं न्हवं," ती म्हणाली, "साडी गुणाची हाय?"

मुलाखत द्यायला मी त्या दिवशी शिकले. पुन्हा द्यायची वेळ काही आली नाही.